लेकीचा वाटा : एक वाक्य, तीन निकाल

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी वकील नाही, कॉम्प्युटरवाली आहे. तरी आज वावराच्या वाटणीवर बोलणार आहे. आपलं वयच आता असं आहे, की आईवडील थकलेत किंवा गेलेत, आणि घराघरात सातबाऱ्यावरच्या नावांचा विषय निघतोय. त्यात सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर भिजणारी जमीन असेल, तर विषय लवकर तापतो.

"कायद्यात लिहिलंय ना, मग कोर्टात इतकी वर्षं काय चालतं?" असं आपण सहज म्हणतो. लेकीच्या वाट्याचा कायदा बघितला की ते कळतं.

1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. पण वडिलोपार्जित एकत्र जमिनीत जन्मापासूनचा हक्क मुलालाच होता. समजा, आठ एकर वावर, एक मुलगा, एक मुलगी, आई आधीच गेलेली. वडील वारले की चार एकर मुलाचे जन्मापासूनचेच धरायचे, आणि वडिलांच्या चार एकरांत दोघांना दोन-दोन. म्हणजे भावाला सहा, बहिणीला दोन.

महाराष्ट्रानं 22 जून 1994 पासून हे बदललं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. आपण तेव्हा शाळेत होतो. म्हणजे एकाच घरात लग्न झालेली थोरली बाहेर आणि आपल्याबरोबर बाकावर बसलेली धाकटी आत! पुढे 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची अट गेली. मुलगी मुलासारखीच जन्मानं हक्कदार झाली.

वाद त्या कलमातल्या एकाच वाक्यावर झाला. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, 'हा कायदा सुरू झाल्यापासून'. दुसरी, 'जन्मानं'. मग 2005 च्या आधीच वडील वारले असतील तर? आमच्या कामातही नवा नियम आला, की जुन्या नोंदींना तो लावायचा का, हाच पहिला प्रश्न असतो. ते स्पष्ट लिहिलेलं नसेल तर दोन हुशार माणसं दोन उत्तरं देतात.

इथंही तसंच झालं. 2015 मध्ये 'प्रकाश विरुद्ध फुलवती' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी 'सुरू झाल्यापासून' यावर भर दिला. त्या तारखेला वडील आणि मुलगी दोघंही हयात हवेत, असं ते म्हणाले. 2018 मध्ये 'दानम्मा विरुद्ध अमर' खटल्यात दुसऱ्या दोन न्यायमूर्तींनी 2001 मध्येच वडील वारलेल्या मुलींना वाटा दिला. दोन्ही पीठं सारख्याच आकाराची, मग खालच्या कोर्टांनी ऐकायचं कुणाचं?

शेवटी 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' खटल्यात 11 ऑगस्ट 2020 ला तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला. त्यांनी मूळ प्रश्न विचारला, की हा हक्क येतो कुठून? वडिलांच्या मरणातून की मुलीच्या जन्मातून? जन्मातून येत असेल, तर वडील कधी गेले यानं फरक पडत नाही. हक्क वापरता येतो 2005 पासूनच, पण त्याचा आधार जन्म. जुन्या कायद्यात मृताचा हिस्सा काढायला जी वाटणी मनात धरायची, ती खरी वाटणी नव्हे, हेही त्यांनी सांगितलं. आपल्या उदाहरणात आता आठ एकरांतले चार बहिणीचे.

पण निकालानं सगळंच उलटंपालटं केलेलं नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेली विक्री, नोंदणीकृत वाटणी किंवा कोर्टाच्या हुकुमानं झालेली वाटणी कायम राहते. "आमची तोंडी वाटणी झाली होती" एवढं म्हणून मात्र भागत नाही. त्याला सरकारी कागदांचा भक्कम पुरावा लागतो. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांचा आहे. आपल्या मुस्लिम मित्रमैत्रिणींचा वारसा कायदा वेगळा आहे.

कोर्टानं प्रश्न सोडवला, तरी आपल्याकडं तो सुटतो हक्कसोड पत्रावर. बहिणीला गाडीत बसवून आणायचं, साडीचोळी करायची आणि सही घ्यायची. तिनं विचारलं, तर माहेर तुटतं.

भावांची बाजूही आहे. वावर त्यानं कसलं, कर्ज त्यानं फेडलं, आईवडिलांचं दुखणंखुपणं त्यानं काढलं. हे सगळं खरं आहे, आणि ते समोर बसून बोलता येतं. बहीण मनानं सोडत असेल, तर तो तिचा मोठेपणा. पण जे आपलं आहे हेच जिला माहीत नाही, ती सोडणार तरी काय?

म्हणून मित्रांनो, सहीआधी बहिणीला कागद वाचून दाखवा, किती एकर ते सांगा आणि विचार करायला चार दिवस द्या. आणि मैत्रिणींनो, न वाचता सही करू नका. गणित आणि मराठी, दोन्ही आपल्या गुरुजनांनी आपल्याला एकाच वर्गात शिकवलंय, मुलांना वेगळं आणि मुलींना वेगळं नाही.