वॉकर: एकाच जागी चालणाऱ्या माणसाचं आडनाव

इयरफोन लावलेत ना? आज एका इंग्रजी आडनावाची गोष्ट सांगतो. आडनाव आहे वॉकर.

हे तुमच्या ओळखीचं आहे. 'द कलर पर्पल' लिहिणारी ॲलिस वॉकर, सिनेमातला पॉल वॉकर. आणि बाटलीवरचा तो उंच टोपीवाला, काठी घेऊन ऐटीत निघालेला जॉनी वॉकर. ते चित्र १९०८ साली टॉम ब्राउन या चित्रकाराने काढलं. वॉकर म्हणजे चालणारा, म्हणून माणूस चालतोय. सोपं आहे की!

पण थांबा. मूळचा वॉकर चालायचा खरा, पण पुढे मात्र कुठेच जायचा नाही.

मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये लोकरीचं कापड हा मोठा धंदा होता. मागावरून उतरलेलं कापड विरविरीत असायचं, वर तेलकट. मग ते हौदात टाकायचं, पाणी ओतायचं आणि त्यात काय घालायचं? साठवलेली शिळी लघवी! तिच्यातल्या अमोनियामुळे तेल सुटतं. सोबत एक खास माती, जी तेल शोषून घेते. ही माती तुमच्या घरातही असेल. आपण चेहऱ्याला लावतो ना, मुलतानी माती, त्याच जातीची. आणि मग त्या हौदात अनवाणी उतरून तासन् तास कापड तुडवायचं. तुडवून तुडवून धागे एकमेकांत गुंततात, कापड आटतं, घट्ट आणि उबदार होतं.

हे काम करणारा तो वॉकर. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मुळाचा अर्थ होता लोळवणं, घुसळणं. 'चालणे' हा अर्थ नंतर आला.

आता गंमत बघा. हेच काम करणाऱ्याला उत्तर इंग्लंडात वॉकर म्हणायचे, आग्नेयेला फुलर आणि नैर्ऋत्येला, डेव्हनकडे, टकर. काम एक, आडनावं तीन! एक्सेटर शहरात या कारागिरांच्या संघाची १४७१ सालची इमारत आजही उभी आहे. तिचं नाव टकर्स हॉल.

पण कामाचं नाव आडनाव कसं झालं? गावात जॉन ढिगाने. कर कुणी भरला, जमीन कुणाची, हे लिहायचं तर ओळख हवी. म्हणून हा कापड तुडवणारा जॉन, तो पीठ दळणारा जॉन. साधारण १४०० सालापर्यंत बहुतेक इंग्रज घरांत ही ओळख बापाकडून मुलाकडे जायला लागली होती. मुलगा सुतार झाला तरी आडनाव वॉकरच.

आणि तुडवण्याचं काम? ते तर बाराव्या शतकापासूनच पाणचक्क्यांकडे जायला लागलं होतं. पाण्यावर फिरणारं चाक, त्याला लाकडी हातोडे, आणि कापडावर धपाधप मार. माणसाचे पाय हौदातून हळूहळू बाहेर आले, नाव मात्र राहिलं.

आता मुद्द्याचं. इंटरनेटवर 'तुमच्या आडनावाचं राजचिन्ह' विकणारे बरेच आहेत. ढाल, सिंह, सगळं छापून देतात. इंग्लंडमध्ये असं चिन्ह आडनावाला मिळतच नाही. ते एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वंशजांकडे जातं. शिवाय वॉकर हे नाव गावोगावी वेगवेगळ्या लोकांना पडलेलं. दोन वॉकर भेटले म्हणजे ते भाऊबंद असतील असं अजिबात नाही.

आपल्याच मुंबईतलं बघा ना. बद्रुद्दीन काझी नावाचे एक बस कंडक्टर सिनेमात आले. गुरुदत्तने त्यांना त्या व्हिस्कीवरून नाव दिलं, जॉनी वॉकर. ना यॉर्कशायरशी नातं, ना लोकरीशी. तरी आजी-आजोबांना विचारा, त्यांचा वॉकर हाच!

म्हणून आडनावावरून कुणाचं घराणं मोजायला जाऊ नका. मला विचाराल तर छापील सिंहापेक्षा त्या हौदातले भिजलेले पाय जास्त अभिमानाचे. थंडीत अख्खं गाव ज्या कापडात ऊब शोधायचं, ते त्या पायांनी घट्ट केलं होतं.

तुमचं आडनाव कुठल्या कामावरून आलंय? घरी विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!