थांब्यापासून घरापर्यंत



दिवेलागण झाली आणि मुलगी घरी आली नाही, की आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. ही काळजी खोटी नव्हे. पण या काळजीपोटी आपण नेमके करतो काय, याचा आज थोडा विचार करू या.

माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. एस्.टी.ची सोय होती. पण थांब्यापासून वस्ती लांब, आणि वाटेत दोन्ही बाजूंना ऊस. हिवाळ्यात गाडी पोचेपर्यंत अंधार पडे. दिवाळीनंतर ती येईनाशी झाली. वडील भेटले, तेव्हा म्हणाले, "सर, पोरीवर भरवसा आहे हो, वाटेवर नाही." मी निरुत्तर झालो. शेवटचा तास माझाच होता. तो सकाळी घेता आला असता, हे मला फार उशिरा सुचले.

वाट वाईट असली, की आपण वाट सुधारीत नाही, बाईला थांबवतो. ही रीत जुनीच आहे. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. तिथे शिकवायला जाताना सावित्रीबाई फुले जादा लुगडे बरोबर नेत, असे सांगतात. कारण वाटेत लोक अंगावर शेण-चिखल टाकीत. दोष टाकणाऱ्यांचा, लुगडे बदलायचे मात्र बाईंनी! पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने संध्याकाळी 7 ते सकाळी 6 बायकांना कारखान्यात कामावर घेण्यास मनाई केली. हेतू रक्षणाचा, पण त्याबरोबर रात्रपाळीची मजुरीही गेली.

आज पाचवी ते बारावीच्या मुलींना एस्.टी.चा मोफत पास आहे. 2023 पासून बायकांना तिकीटही अर्धे झाले. पण पास थांब्यापर्यंतच पोचवतो. तिथून घरापर्यंतची वाट सरकारची नाही, तुमची-माझी आहे.

शिक्षकमित्रहो, गाडीची वेळ पाहून तास लावा. एका वाटेच्या मुलींना एकाच वेळी सोडा. गावकऱ्यांनो, ग्रामसभेत थांब्यावरच्या दिव्याचा विषय काढा. आणि एक विचारतो, रागावू नका: थांब्यावर टवाळकी करीत बसणारी पोरे कुणाची? परगावची थोडीच! आपलीच ना? मग "कुठे होतीस?" हे मुलीला विचारण्याआधी "कुठे होतास?" हे मुलाला विचारू या.