चेहरा बदलला तेव्हा

श्रोतेहो, आपल्या खालापूरहून बोरघाट चढून गेलं की पुढे मळवली लागते. मुंबईत १८९४ साली सुरू झालेला राजा रविवर्मांचा छापखाना नंतर तिथं गेला. त्या छापील चित्रांनी देव घरोघरच्या भिंतीवर आणले. पुढे देव काडेपेटीवरही आले. लोकांनी तेही चालवून घेतलं.

१९९७ मध्ये ‘एरोस्मिथ’ या अमेरिकी बँडनं ‘नाइन लाइव्ह्ज’च्या वेष्टनावर कालियामर्दन छापलं, पण कृष्णाला तोंड दिलं मांजराचं. भाविकांनी निषेध केला. कंपनीनं माफी मागून चित्र बदललं.

देवाची जागा बदलली तर माणसं सांभाळून घेतात. चेहरा बदलला, की घरच्याच माणसाची थट्टा झाल्यासारखं वाटतं. चित्र उसनं घेणाऱ्यानं ते कुणाच्या भिंतीवर आहे, एवढं आधी विचारावं.