आधी शेरा वाचा

डिस्क किंवा कार्ड माउंट करताना लिनक्स नकार देतं, तेव्हा काय करायचं, एवढंच आज सांगायचं आहे. त्यातही रीड-ओन्ली साठवणीबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो.

रजिस्टर पत्र परत आलं की पाकिटावर पोस्टमनचा शेरा असतो. ‘घर बंद’, ‘पत्ता अपुरा’, ‘घेण्यास नकार’. घर बंद असेल तर आपण पुन्हा पाठवतो. पत्ता अपुरा असेल तर तो नीट लिहून काढतो. नकार असेल तर दहा वेळा पाठवून उपयोग नसतो. माउंट फसलं की मात्र आपली मंडळी शेरा न वाचताच तेच पाकीट पुन्हा पेटीत टाकतात. आधी सुडो, मग सगळ्यांना सगळ्या परवानग्या, मग रीस्टार्ट!

एरर कोड हाच तो शेरा. ३० क्रमांक, ईआरओएफएस, म्हणजे इथे लिहिता येणार नाही. हा नकार रूटलाही मिळतो, म्हणून सुडो लावून तो हटत नाही. कॅमेऱ्याच्या एसडी कार्डाच्या कडेला नखाएवढं सरकतं बटण असतं, ते ‘लॉक’कडे गेलेलं असेल तर आधी ते सरकवा. १३ क्रमांक, ईअ‍ॅक्सेस, जरा फसवा आहे. वाटेतल्या एखाद्या डिरेक्टरीत शिरायची परवानगी नसली तरी तो येतो, आणि रीड-ओन्ली फाइल सिस्टिम लिहिण्यासाठी माउंट करू पाहिली तरीही येऊ शकतो. म्हणून नुसता आकडा पाहून थांबू नका, डीमेसेजमधल्या शेवटच्या ओळीही वाचा. १६ क्रमांक म्हणजे डिस्क कामात आहे.

आता प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. ३० किंवा १३ आला, तर आणि तरच, एकदा रीड-ओन्ली माउंट करून पाहा. बाकी कोड जसेच्या तसे वर कळवा. आपली नेहमीची माउंट कमांड साधारण असंच करते. लिहिण्यासाठी जमलं नाही तर रीड-ओन्ली माउंट करते आणि ‘सोर्स राइट-प्रोटेक्टेड’ असा इशारा छापते. पण काम झालं असं समजून ती शून्य परत करते, आणि स्क्रिप्ट बिचारी तो इशारा वाचत नाही. ज्या स्क्रिप्टला लिहायचंच आहे, तिथे माउंटला ‘डब्ल्यू’ पर्याय द्या. मग ती परस्पर रीड-ओन्लीवर उतरणार नाही, सरळ चूक कळवेल.

आणि कृपा करून एरर डेव्ह-नलमध्ये ढकलू नका. बॅकअपची डिस्क माउंट झालीच नाही आणि स्क्रिप्ट तशीच पुढे गेली, तर माउंट पॉइंटची रिकामी डिरेक्टरी तिथे असतेच. सगळा बॅकअप मूळ डिस्कवरच उतरतो. डिस्क भरते, आणि बॅकअप झाला असं समजून माणूस निश्चिंत झोपतो. शेऱ्यासकट पाकीट फाडून टाकलं, की पत्र पोचलं असंच घरच्यांना वाटणार ना? म्हणून पुन्हा सांगतो, आधी शेरा वाचा.

आणखी एक गोष्ट. रीड-ओन्ली सांगितलं म्हणजे डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, हा समज चुकीचा आहे. मशीन अचानक बंद पडलं असेल, तर ईएक्सटी-४ रीड-ओन्ली माउंट करतानाही आधी जर्नलमधली अपुरी कामं डिस्कवर पुरी करते. डिस्कच राइट-प्रोटेक्टेड असेल तर तिला ते करता येत नाही, माउंट फसतं आणि पुन्हा ३० येतो. तिथे ‘नोलोड’ पर्याय आहे, पण त्याचे धोके... ते सविस्तर सांगायला हवेत आणि वेळ संपत आली आहे. इतकंच करा, आज आपली बॅकअप स्क्रिप्ट उघडा आणि माउंटच्या ओळीनंतर ती काय तपासते ते पाहा. काहीच तपासत नसेल, तर ते आजच दुरुस्त करा.