गांधीजी आणि बाबासाहेब मेंढ्यात आले तर...



राष्ट्रनिर्मात्यांना आजचा भारत कसा वाटेल, हा प्रश्न आपण बहुधा दिल्लीकडे पाहून विचारतो. मी तो धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाकडे पाहून विचारणार आहे.

महात्माजींना ग्रामस्वराज्य हवे होते. आपल्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा देणाऱ्या डॉ. बाबासाहेबांना मात्र खेडे हे अज्ञानाचे व संकुचितपणाचे घर वाटे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी ते परखडपणे सांगितले.

मेंढ्यात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. गांधीजी संतुष्ट होतील. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला हक्क मिळाला, तो कोणाच्या कृपेने नव्हे, २००६ च्या वनहक्क कायद्याने. बाबासाहेब संतुष्ट होतील. तरीही बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडले. माल आपला आणि परवाना दुसऱ्याच्या खिशात, ही अवस्था आपणां व्यापाऱ्यांना वेगळी समजावून सांगायला नको!

त्याच गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून आज लोहखनिज काढले जाते. रोजगार आला, हे मान्य. परंतु परिसरातील अनेक ग्रामसभांनी खाणीस विरोध केला होता. त्यांच्या ठरावांचे पुढे काय झाले, असे हे दोघेही विचारतील. आणि दोघेही बॅरिस्टर असल्याने कागद पाहिल्यावाचून उठणार नाहीत.