सुट्टीच्या दिवसासाठी जुनी स्पोर्ट्‌स कार

बार्शीटाकळीहून रविवारी काटेपूर्णा अभयारण्याकडे फेरी मारायला जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची हौस असेल, तर ती डोळसपणे पुरवावी.

आपल्या शेजारच्या गोव्यात बनलेली ‘सॅन स्टॉर्म’ आठवून पाहा. दोन आसनं, फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचं 1149 सीसी इंजिन. फायबरग्लास गंजत नाही, पण त्याला तडे जातात. खालचा लोखंडी सांगाडा मात्र गंजतो, म्हणून गाडी उचलून जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्या. अकोल्याच्या उन्हाळ्यात रेडिएटर आणि रबरी नळ्यांची खरी परीक्षा होते. टायरवरचे चार आकडेही वाचा: पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष.

आता कागदपत्रं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते. पुढे तपासणी करून ती दर 5 वर्षांनी वाढवावी लागते. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र आधी हातात घ्या, मगच पैसे मोजा. इथला कर भरल्यावर एमएच-30 क्रमांक मिळेल. 50 वर्षांहून जुन्या गाडीसाठी 2021 पासून वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी आहे. पण तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

सुटे भाग कुठे मिळतील, हे सौद्याआधीच विचारा. गाडी जुनी असली तरी तिचे ब्रेक भरवशाचेच हवेत.