छपरावरची वीज आणि दिलेला शब्द

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली. तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. निवृत्तीच्या पुंजीतून पॅनेल बसविणारा गृहस्थ हिशेब मांडतो तो नेट मीटरिंगवर : दुपारी दिलेले युनिट रात्री परत. वीज कंपनीची अडचणही खोटी नव्हे. दुपारी वीज उदंड, सायंकाळी ओढाताण. शिवाय तारा-रोहित्रांचा खर्च ज्याला स्वतःचे छप्परच नाही अशा भाडेकरूच्या बिलात चढतो. हाच पेच कॅलिफोर्नियात पडला. तेथे एप्रिल २०२३ पासून नव्या अर्जदारांचा मोबदला सुमारे तीन-चतुर्थांशाने घटविला गेला. जुन्या ग्राहकांची वीस वर्षांची हमी मात्र राखली. महाराष्ट्रातही नियम बदलायचेच, तर ते नव्या अर्जांपासून बदलावेत. बसविलेले पॅनेल पंचवीस वर्षे छपरावर राहणार आहे.